डबा सोबत नेजा

फवारणीची बाधा झाली तं पेशंटसोबत औषधाचा डबाबी दवाखान्यात न्याचा, हे आमच्या गावात घरोघरी सांगत फिरणारी बाई मीच. विजयमाला नाव माह्यं, पण गाव मले आशाताईच म्हणते. बारा सालं झाली या कामाले. अंगावरचे कपडे काढा, साबणानं आंग धुवा, गाडी पाहा अन् डबा सोबत नेजा, म्हणजे कोणतं जहर गेलं ते डॉक्टरले समजते. इतक्यांदा सांगतलं का पोट्टे माह्यी नक्कल करत. "डबा सोबत नेजा ओ!" असं ओरडत रस्त्यानं पळत, अन् मी त्यायच्या मागं चप्पल घेऊन धावो.

हे मुद्दाम पहिले सांगून राह्यली. नाईतं पुढं तुम्ही म्हणसान, अडाणी बाई होती बिचारी, तिले काय समजे. मले सारं समजे.

गेल्या सालची गोठ. श्रावणात झड लागली ते लागलीच, दहा दिवस सूर्य दिसला नाई. मंग ऊन पडलं अन् पऱ्हाटी कमरेएवढी झाली, पण पान उलटून पाहा तं मावा अन् तुडतुडे. फवाऱ्याबगर गत नव्हती अन् फवाऱ्याले माणूस भेटे ना. गावातले जवान पोट्टे सारे पुण्याले गेलते. आमच्या मालकाची, नानाजीची, कंबर गेलेली. नाव घेतलं बरं मी. फॉर्म भरून भरून लाज मोडली माह्यी. पाठीवर पंप घेतला का माणूस वाकडाच होये. म्हणून मी ऋतिकले फोन लावला.

ऋतिक माह्या पोटचा, चोवीस वर्साचा. तीन सालापासून नागपूर लाइनवर ट्रक चालवे.

"ये बाप्पा पंधरा-वीस दिवस," मी म्हनलं. "कपाशी हातची चालली."

"येतो आई," तो म्हणे. आवाज बसलेला होता. मले वाटलं, सर्दी असन.

आला तो नेमका पोळ्याच्या आदल्या सांजी, खांदशेकणीच्या दिवशी. आमच्या दारात पहिले दोन जोड्या होत्या. त्या सांजी बैलाच्या खांद्याले हळद-तूप लावाचं, शेकाचं, अन् कानात सांगाचं, 'आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.' ऋतिक पाच वर्साचा होता तवा हे सांगाचा मान त्यालेच लागे. बाप त्याले उचलून धरे, अन् हा बैलाचा कान दोन्ही हातानं धरून इतकं हळू सांगे का जवळ उभ्या माणसाले ऐकू नाई येये. "मोठ्यानं सांग ना बे," म्हनलं का म्हणे, "तुमाले नाई बोलावलं, त्याले बोलावलं." अशा त्याच्या गोठी. आता दारात बैल नाई, खुंटा तेवढा हाये. तरी मी पुरण घातलतं.

तो दारात उभा राह्यला अन् माह्या हातचं पातेलं हातातच राह्यलं. गालाची हाडं वर आलेली, ओठ काळे, शर्ट खांद्यावरून लोंबून राह्यलेला.

"काय झालं रे तुले?"

"काई नाई. लाइनीवर झोप नाई होत."

दुसऱ्या दिवशी पोळीचे दोन घास खाल्ले अन् उठला. सांजपासून सुरू झालं. नाक वाहे, अंगावर काटा येये, पोटात कळा, ओकाऱ्या. रातदिवस पाय झाडे. मले वाटलं, मलेरिया. आशाच्या पेटीतली मलेरियाची किट काढली, बोट टोचून रक्त घेतलं. किटमधी काई निघालं नाई. मीठ-साखरेचं पाणी पाजून राह्यली, देवाले हात जोडून राह्यली.

तिसऱ्या दिवशी त्याले पुसून काढाले बसली. तो बाही वर करू देये ना. "आई, राहू दे ना," म्हणे. मी त्याच्या लहानपणासारखीच एक हात धरून दुसऱ्यानं बाही ओढली. कोपराच्या आतल्या अंगाले काळे-निळे ठिपके होते, एका ओळीत. बारा सालं मी गावातल्या लेकरायले सिस्टरच्या सुया घेताना मांडीवर धरलं हाये. सुईची खूण मले कोणी शिकवाची गरज नव्हती.

मी बाही खाली केली. तोच बोलला.

"पावडर हाये आई. गर्द. ढाब्यावर पुडी भेटते. पहिले कागदावर ठेवून ओढो. सारेच ओढत. आंग दुखत नाई, भूक लागत नाई, घरची याद येत नाई. मंग ओढून भागे ना, तं सुई."

"काहून रे? काय कमी केलं आम्ही तुले?"

"तुमी काई नाई केलं. मी सोडलं आता. सोडलं म्हणूनच हे होऊन राह्यलं. आठ दिवसात जाते. फक्त बाबाले सांगू नको. सोनूच्या साक्षगंधापर्यंत तरी."

सोनू माह्यी पोरगी, ऋतिकच्या पाठची. तिचं महागावच्या सुनीलरावच्या पोराशी जमलेलं होतं. सुनीलराव म्हणजे खत-औषधाचं दुकान, चार माणसात मान. दिवाळीनंतर साक्षगंध धरलं होतं. अशात पोरीच्या भावाची ही गोठ बाहेर गेली असती तं?

मी ऋतिकले शब्द देल्ला. अन् तथीच माह्यं चुकलं. टीबीचा पेशंट लपवणाऱ्या घरी मी उंबऱ्यावर बसून भांडली हाये. 'झाकून बिमारी जाते का ओ?' असं लोकायच्या म्हाताऱ्यायले तोंडावर म्हनलं हाये. माह्याच घरची बिमारी मी गोधडीखाली घातली, अन् मालकाले सांगतलं, ताप हाये, उतरन.

ताप उतरलाबी. नवव्या दिवशी तो सकाळी आपणहून उठला, आंग धुतलं अन् म्हणे, "आई, भरीत कर ना." मी चुलीत वांगे टाकले अन् धूर लागला म्हणून डोळे पुसत बसली. तीन भाकरी खाल्ल्या त्यानं.

त्यानंतरचे जे पंधरा दिवस गेले ना, त्याची याद आली का आजबी मले बरं वाटते. सकाळी दव वाळलं का आम्ही वावरात. मी विहिरीवरून पाणी आणून ड्रम भरो, तो काडीनं औषध ढवळे, तोंडाले रुमाल बांधे, हातमोजे घाले. मीच देल्लेले मोजे. "आशाताईचं पोट्टं हाये मी, नियमानं चालतो," म्हणे अन् हासे. मंग पंप पाठीवर घेऊन पऱ्हाटीच्या तासातून चालू लागे. वाऱ्याची दिशा पाहून चाले, बापासारखाच. बाप वावराच्या काठी धुऱ्यावर बसून नुसता पाहे. एकदा मले म्हणे, "पोट्टं कामाचं निघालं बरं का." नानाजीच्या तोंडून इतकं म्हणजे लय झालं.

दुपारी पळसाच्या सावलीत शिदोरी सोडली का आम्ही माय-लेक जुन्या गोठी काढो. आमच्या घरी कापसाची एक खोली होती. दिवाळीपासून वेचणी लागली का रोजची गाठोडी त्या खोलीत रिचवाची, अन् संक्रांतीपर्यंत कापूस वरच्या पाटईले टेके. ऋतिक अन् सोनू आड्यावरून त्यात उड्या मारत. अंगाले खाज सुटे, मी दोघायले बदडो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदा ऋतिक त्यात झोपूनच गेलता. गावभर पाह्यलं, विहिरीत गळ टाकला, मी तं छाती पिटून घेतली. अन् हा चार वाजता कापसातून निघाला, डोक्याले रुई चिकटलेली, अन् म्हणे, "आई, भूक लागली."

"लय गरम राहे ओ आई त्यात," तो त्या दिवशी पळसाखाली म्हणे. "बाहेरचा आवाजच नाई येये. ट्रकमधी झोपलो का मले तेच आठवे." मंग भाकरीचा तुकडा मोडत म्हणे, "ती पावडर घेतल्यावरबी अगदी तसंच वाटे. तेच वाईट हाये तिचं."

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पाठीवर मांस चढाले लागलं होतं. आता कापूस कोणी घरात भरत नाई. व्यापाऱ्याची गाडी वावरातच येते. खोलीत आता सोयाबीनची पोती अन् सोनूची शिलाई मशीन हाये.

सोळाव्या दिवशी औषध सरलं. तांड्यावरचा बाबुलाल पिकअप घेऊन महागावले चाललाच होता, त्याच्यासोबत ऋतिकले धाडलं. सांजी परत आला तवा जरा जास्तच बोलून राह्यला होता. सोनूची वेणी ओढली, बापाले बिडी पेटवून देल्ली.

"कोण भेटलं रे?" मी विचारलं.

"लाइनीवरचा दोस्त होता एक. चहा पेलो."

तवाच त्याचे खिसे झाडाचे होते मले. पण मी भाकरी टाकत बसली. घर कसं भरल्यासारखं वाटून राह्यलं होतं, त्यात कायले कालवाकालव, असं वाटलं. लेकरू हासून राह्यलं असलं का मायची अक्कल चुलीत जाते.

दुसऱ्या दिवशी बाप-लेक पुढं गेले. मी तांड्यावर एका बाळंतिणीकडं जाऊन आली अन् बारा वाजता शिदोरी घेऊन निघाली. धुरा ओलांडला तं मालकाची आरोळी ऐकू आली. पळसाखाली ऋतिक आडवा होता, अन् नानाजी त्याचं डोकं मांडीवर घेऊन गालावर मारून राह्यलेले. पंप झाडाले टेकवलेला. सकाळचं ड्रमातलं पाणी तसंच्या तसं. बाटलीचं सील फुटलेलं नव्हतं.

"हे पाह्य," मालक म्हणे. त्यायच्या मुठीत सुई होती. "दंडात होती. काय हाये हे? तुले मालूम होतं?"

मी हो म्हणून मान हालवली. त्या माणसानं माह्याकडं जसं पाह्यलं, ते मी मरेपर्यंत इसरणार नाई. पण बोलाले येळ नव्हता. पोराचे ओठ निळे झालते, अंगठ्यानं पापणी वर केली तं बुबुळ मोहरीएवढं. मी घड्याळ काढलं. आम्ही आशा नव्या बाळाचे श्वास मोजतो, पोटावर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट. चाळीस ते साठ लागतात. मोठ्या माणसाले बारा-पंधरा तरी. माह्या पोराचे मी मोजले. सहा.

"बाबुलालले बोलवा," मी ओरडली. "गाडी आणा म्हणा!"

मालकानं फोन केला. मंग सुई लांब गवतात फेकली. औषधाची बाटली उचलली, दातानं सील तोडलं अन् ऋतिकच्या शर्टावर छातीपाशी वतलं.

"हे काय करून राह्यले तुमी?"

"फवारणीचं सांगाचं," ते म्हणे. "डॉक्टर काय दोन्हीले सारखंच इंजेक्शन देईन. सोनूचं जमलेलं हाये. ऐकलं का? फवारणीचं सांगाचं."

अन् मी? कपडे काढा, आंग धुवा, असं गावाले बारा सालं सांगणारी मी, त्या शर्टाकडं पाहत बसली. फवारणीचं पोट्टं म्हनलं का लोक हळहळतात. गर्दचं म्हनलं का थुंकतात. हे मले मालूम होतं. मी बाटली पदरात घेतली. डबा सोबत.

आरोळी ऐकून बाजूच्या वावरात निंदणाऱ्या बाया धावत आल्या. त्यात सत्यभामा होती, तांड्यावरच्या उत्तमसिंगची बायको. तिचा एकुलता एक खेमसिंग त्याच्या आदल्या सालीच फवारणीच्या बाधेनं गेलता. त्याचा कागद मीच भरलता. बाबुलालची पिकअप आली, पोराले मागं टाकलं, अन् सत्यभामा कोणाले न विचारता वर चढून त्याचे पाय मांडीवर घेऊन बसली. रस्ताभर मी त्याची हनुवटी वर धरून राह्यली, कानाची पाळी चिमटून राह्यली. "श्वास घे ऋतिक. घे रे राजा. अजून एक." त्यानं घेतला का मी पुढचा मागो.

महागावच्या सरकारी दवाखान्यात प्राची मॅडम होत्या, नवीन, वयानं सोनूहून चार-पाच सालं मोठ्या. त्यायनं वास घेतला, बुबुळं पाह्यली, माह्या हातची बाटली घेऊन चिठ्ठी वाचली. सिस्टरनं शर्ट कापून काढला.

"किती वेळ फवारत होता?"

"सकाळपासून," मालक म्हणे.

"तोंडाला बांधलं होतं? आशाताई, तुमचाच मुलगा ना? दुसरं काही घेतो का?"

"नाई," मी म्हनलं.

पोराले आत नेलं, दार लागलं. व्हरांड्यात गाव जमा झालं. पंधरा-वीस मोटारसायकली. जो तो तोंडानं च्च च्च करे. बाबुलाल सर्वांत मोठ्यानं बोले, "औषधच बोगस हाये! कंपनीवर केस ठोका! नानाभाऊ, आम्ही तुमच्या मागं हावो." एकानं मोबाइल काढून माह्या रडत्या तोंडाचा व्हिडिओ काढला. तेवढ्यात सुनीलराव दुकान सोडून आले. त्यायनं नानाजीच्या खांद्यावर हात ठेवला. "व्याही, घाबरू नका. कष्टाळू पोरगा हाये, देव त्याचं वाईट करणार नाई. यवतमाळले न्याचं पडलं तं गाडी माह्यी." मालक ढसाढसा रडले. मले धरणी पोटात घेईन तं बरं असं झालं.

अर्ध्या घंट्यानं मॅडम बाहेर आल्या. कपाळावर घाम.

"अ‍ॅट्रोपिन देतोय, पण फरक नाही. मला समजत नाहीये. विषबाधेत तोंडाला फेस येतो, घाम फुटतो, याचं तोंड आला तेव्हाच कोरडं होतं. पिशवीनं श्वास देतोय. यवतमाळला पाठवते, पण रस्त्यात काय होईल सांगता येत नाही. फवारणीच ना? नक्की?"

"नक्की," मालक म्हणे.

मॅडमनं माह्याकडं पाह्यलं. मी खाली पाह्यलं. दार पुन्हा लागलं.

सत्यभामानं माह्या दंडाले धरलं अन् ओढत नळापाशी नेलं. तोंडावर पाणी मारल्यासारखं केलं, मंग माह्या कानापाशी आली.

"ताई, तुह्या पोराच्या शर्टाले वास हाये. हाताले नाई. फवारणाऱ्याचे हात दोन दिवस वास मारतात."

मी नळ बंद केला.

"माह्या खेमसिंगच्याबी शर्टालेच होता," ती म्हणे. "त्याच्या बापानं लावलता. पोराले सुरतेहून आल्यापासून तीच सुई होती. डॉक्टर विचारे अन् मी पदर तोंडात कोंबून म्हणो, फवारणी. चार घंटे जिता होता तो, ताई. चार घंटे! मी एक शब्द बोलली असती तं... मले 'याडी' म्हणून हाक मारणारं ते एकच तोंड होतं. आता आमची इज्जत हाये घरात. तिचं काय करू मी? भाजीत घालू?"

तिचे डोळे कोरडे होते. ती अजून काई बोलली का नाई मले मालूम नाई, कारण मी चालू लागलीच होती.

मालकानं मले दारापाशी अडवलं. माह्या तोंडाकडं पाहूनच त्यायले समजलं. "अवं, चूप राय. पोरीचा विचार कर," दातात बोलले. तीस सालात मी या माणसाले उलटून बोलली नव्हती. त्यायच्या छातीवर दोन्ही हात ठेवून मी त्यायले बाजूले लोटलं. दार आतून लावलेलं होतं. मी बुक्क्या मारल्या, अन् दार उघडाची वाट पाह्यली नाई.

"मॅडम! फवारणी नाई ओ! माह्या पोरानं गर्दची सुई घेतली! शर्टावरचं औषध आम्ही टाकलं, आम्ही खोटं बोललो, मॅडम!"

मोबाइलवाल्यानं मोबाइल खाली केला. दार उघडलं.

"किती दिवसांपासून घेतो?" मॅडमनं एवढंच विचारलं.

"लय दिवसांपासून. मधी वीस-पंचवीस दिवस सोडलं होतं. काल-आज पुन्हा घेतली."

"सोडल्यावर शरीराची सवय मोडते, आणि ही मुलं जुन्याच मापानं घेतात," मॅडम म्हणाल्या अन् वळून ओरडल्या, "सिस्टर, ऑपरेशनच्या खोलीतलं कपाट बघा! भूल उतरवायच्या इंजेक्शनांत नॅलॉक्सोन असेल. पळा!"

सिस्टर पळाली. कपाटाची चावी भेटे ना. तो जो येळ गेला तो मी कसा सांगू? कोणी माह्याकडं पाहे ना. सुनीलराव आपल्या बुटाकडं पाहून राह्यलेले. चावी भेटली, दोन शिश्या निघाल्या. दोनच.

पहिली टोचली. मी दारात उभी होती, कोणी मले हटवलं नाई. दोन मिनिटं काई झालं नाई. दुसरी टोचली. मंग ऋतिकच्या छातीनं एक मोठा हिसका घेतला, तो खोकलला, नाकातली नळी ओढून फेकली अन् मॅडमले अशी घाण शिवी देल्ली का सिस्टरनं कानाले हात लावला. माह्या उभ्या जन्मात कोणती शिवी मले इतकी गोड लागली नाई. मी तथीच फरशीवर बसली अन् मोठ्यानं रडली.

"लगेच निश्चिंत होऊ नका," मॅडम म्हणाल्या. "इंजेक्शन उतरलं की पुन्हा झोपेत जाऊ शकतो. यवतमाळला पाठवतेय, अजून दोन शिश्या आल्या की निघा. तिथं पुढचे उपचारही होतील. आणि ताई, बोललात ते बरं केलंत. मागच्या वर्षीच्या नोंदीतही असे तीन आहेत, सगळे फवारणीचे."

बाहेर आली तं व्हरांडा रिकामा. मोटारसायकली एकेक करून गेलत्या. सुनीलराव पायरीवर चपला घालून राह्यले होते. "पाहू," ते म्हणे, "घरी बोलून फोन करतो." तो फोन आजपर्यंत आला नाई. मी सोनूले फोन लावून सारं सांगतलं, जमलेलं मोडलं असं समज, हेबी सांगतलं. तिनं शिलाई मशीन थांबवली. मंग म्हणे, "दादा बोलून राह्यला का?" मी म्हनलं, "शिव्या देऊन राह्यला." ती रडत रडत हासली.

आत गेली तं ऋतिक भिंतीकडं तोंड करून पडलता. थरथर कापून राह्यला होता, नाक वाहून राह्यलं होतं. बाप खाटेच्या पायथ्याशी उभा.

"काहून सांगतलं तू?" तो भिंतीलेच म्हणे. "साऱ्या गावासमोर! आता कोणत्या तोंडानं जाऊ मी गावात? सोनूचं वाटोळं केलं. मले मरू द्याचं होतं."

मी त्याच्या थोबाडीत देल्ली. मोठा झाल्यापासून पहिल्यांदा, सलाइन लावलेल्या पोराले. "मराचं? तुले जन्म द्याले मले दोन दिवस लागले, भाड्या! अन् तू मले विचारल्याबगर मरून राह्यला?"

नानाजीनं माह्या हाताले धरलं. मले वाटलं, आता हे माह्यावर धावतीन. त्यायनं मले बाजूले बसवलं, खांद्यावरचं धुपाटं काढलं अन् पोराचं वाहतं नाक पुसलं. ऋतिकनं मान फिरवली तं हनुवटी धरून पुसलं.

"मी टाकलं बे तुह्या शर्टावर जहर," ते म्हणे. "तुही माय नाई. मी." ऋतिक बापाकडं पाहत राह्यला. मंग त्यानं ते धुपाटं तोंडावर ओढून घेतलं अन् त्याच्या आत हमसून हमसून रडला.

बाहेर अ‍ॅम्ब्युलन्स लागाची होती. मी पाणी आणाले निघाली तं व्हरांड्याच्या टोकाच्या बाकापाशी बाबुलाल उभा. सारे गेले, हाच तेवढा राह्यलता. मले वाटलं, गाडी धुवा लागन असं सांगाले थांबला. पोराच्या ओकाऱ्या होत्या तीत.

"धुऊन देईन मी गाडी," मी म्हनलं.

"गाडीचं जाऊ द्या ताई." त्यानं डोक्यावरची टोपी काढली, दोन्ही हातात चुरगाळली. दुपारी कंपनीवर केस ठोका म्हणून ओरडणारा हाच माणूस. इकडं-तिकडं पाह्यलं अन् म्हणे, "ताई, हे जे इंजेक्शन देल्लं ना ऋतिकले... ते घरी ठेवता येते का?"

"घरी? घरी कोणासाठी, बाबुलाल?"

खालचा ओठ तेवढा हालला त्याचा. मी बाकावर सरकली, त्याले जागा करून देल्ली.

"बस," म्हनलं. "कोण हाये, नाव सांग."